मुखावरील पडदा आणि कायद्याचा हात

(नभोवाणीवरील भाषण)

मनुष्यानें अंगावर वस्त्र किती घालावें ह्याविषयीं सरकारला नियम करावा लागला, तर तो बहुधा वस्त्र फार थोडें असल्याबद्दल असतो. परंतु गेल्या पंधरा वर्षांत युरोपांतील कित्येक देशांनीं ह्याच्या अगदीं उलट दिशेचा कायदा केला आहे. तेथें वस्त्र अधिक असल्याबद्दल दंड होतो. आणि तेंहि सर्वांगावर नव्हे, केवळ मुखावर असल्याबद्दल. मुसलमान स्त्रियांनीं सार्वजनिक ठिकाणीं तोंड झांकून वावरणें चांगलें कीं वाईट, हा ह्या वादांतील एक प्रश्न. आणि तें वाईट ठरलें, तर सरकारनें तें कायद्यानें बंद करावें कीं काय, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचें उत्तर सांपडलें कीं दुसऱ्याचें आपोआप मिळालें, असें पुष्कळांस वाटतें. एके काळीं मलाहि वाटत असे. तें तसें कां नाहीं, हें आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

प्रथम शब्द नीट करून घेऊं. बोलतांना आपण सरसकट ‘बुरखा’ म्हणतों. वस्तुतः केस व मान झांकून चेहरा मोकळा ठेवतो तो हिजाब. चेहरा झांकून केवळ डोळे उघडे ठेवतो तो निकाब. आणि डोळ्यांपुढेंहि जाळी असून डोक्यापासून पायांपर्यंत जो येतो तो अफगाणी धर्तीचा बुरखा. फ्रान्सनें २००४ सालीं सरकारी शाळांतील मुलामुलींना ठळकपणें दिसणारीं धर्मचिन्हें धारण करण्याची मनाई केली व त्यांत हिजाबहि आला. परंतु तो वाद निराळा. आज मी बोलणार आहें तें चेहरा झांकणाऱ्या वस्त्राविषयीं; आणि शाळेंतील वर्गाविषयीं नव्हे, तर रस्ता, बाजार, बाग आणि आगगाडी ह्यांविषयीं.

ह्या बाबतींत युरोपांत पुढाकार घेतला तो फ्रान्सनें. तेथील कायदा ११ ऑक्टोबर २०१० चा. लोकांस समजावून सांगण्यासाठीं सहा महिने ठेवून तो ११ एप्रिल २०११ रोजीं अमलांत आणला गेला. त्याचें पहिलें कलम एका वाक्याचें आहे. सार्वजनिक जागेंत कोणीहि आपला चेहरा लपविण्यासाठीं असलेला पोषाख घालूं नये, एवढाच त्याचा आशय. ह्या वाक्यांत मुसलमान हा शब्द नाहीं, बुरखा हा नाहीं, स्त्री हाहि नाहीं. तरी तें वाक्य कोणाला उद्देशून आहे, हें ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतें. आरोग्य, धंदा, खेळ, उत्सव, नाटक ह्यांच्यासाठीं अपवाद ठेवलेले आहेत. नियम मोडणाऱ्या स्त्रीला जास्तींत जास्त १५० युरो दंड, किंवा नागरिकाचीं कर्तव्यें शिकविणाऱ्या वर्गास हजर राहण्याची सक्ति, किंवा दोन्ही. उलटपक्षीं, जो कोणी दुसऱ्याला चेहरा झांकण्यास भाग पाडील त्याला एक वर्षापर्यंत कैद व ३०,००० युरोपर्यंत दंड. आणि जिच्यावर सक्ति झाली ती अज्ञान वयाची असेल तर शिक्षा दुप्पट.

फ्रेंच लोकसभेंत ह्या कायद्याला अनुकूल ३३५ मतें पडलीं आणि प्रतिकूल अवघें एक. वरिष्ठ सभागृहांत २४६ विरुद्ध एक. विरोधी पक्षाचे बरेच सभासद मतदानापासून दूर राहिले हें खरें. तथापि हें एकट्या उजव्या पक्षाचें कृत्य होतें असेंहि नाहीं. ज्या चौकशी समितीनें ह्या विषयाला तोंड फोडलें तिचे अध्यक्ष कम्युनिस्ट पक्षाचे होते. मात्र सरकारला कायदेविषयक सल्ला देणाऱ्या तेथील राज्यपरिषदेनें मार्च २०१० मध्येंच इशारा दिला होता कीं, सरसकट बंदीला पक्का कायदेशीर आधार आम्हांस दिसत नाहीं. त्या वेळीं साडेसहा कोटि वस्तीच्या त्या देशांत संपूर्ण चेहरा झांकणाऱ्या स्त्रियांची संख्या सरकारच्याच अंदाजाप्रमाणें सुमारें १,९०० होती. म्हणजे दर एक कोटि लोकांमागें जेमतेम ३००.

पुढें २०११ सालींच बेल्जममध्यें, २०१७ सालीं ऑस्ट्रियांत आणि २०१८ सालीं डेन्मार्कमध्यें तसेच कायदे झाले. स्वित्झर्लंडमध्यें हा प्रश्न ७ मार्च २०२१ रोजीं सर्व मतदारांपुढें ठेवण्यांत आला. तेथील सरकार स्वतः बंदीच्या विरुद्ध होतें. तरी शेंकडा ५१.२ मतांनीं ती मंजूर झाली व १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आली. त्या देशांत कायम राहणाऱ्या निकाबधारी स्त्रियांची संख्या लुसर्न विद्यापीठांतील संशोधकांच्या अंदाजाप्रमाणें चाळिसांहूनहि कमी होती! एवढ्या थोड्या स्त्रियांसाठीं सबंध राष्ट्राचें मत घ्यावें लागलें, ह्यावरून एक गोष्ट उघड होते. वाद त्या स्त्रियांच्या संख्येचा नव्हता. राष्ट्राला स्वतःविषयीं वाटणाऱ्या धास्तीचा होता.

असें असलें तरी, बंदीचा कैवार घेणारे सगळेच द्वेषानें बोलत होते असें समजणें अन्यायाचें होईल. त्यांचा पक्ष मी यथाशक्ति मांडतें, कारण त्यांतील बराच भाग मला पटतो. त्यांचे मुद्दे तीन. पहिला सुरक्षिततेचा. चेहरा झांकलेला मनुष्य कोण हें ओळखतां येत नाहीं. त्या आवरणाखालीं स्त्री आहे कीं पुरुष हेंहि सांगतां येत नाहीं. दुसरा स्त्रीच्या समतेचा. उन्हाळ्यांत नवरा अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून पुढें चालतो आणि बायको काळ्या वस्त्रांत स्वतःला लपेटून मागून येते. हा नियम पुरुषाला कां नाहीं? फ्रान्सच्या मंत्रिमंडळांत त्या वेळीं असलेल्या फादेला आमारा ह्या अल्जीरियन वंशाच्या मुसलमान घरांतील बाई. गरीब वस्त्यांतील मुलींवर होणाऱ्या जुलमाविरुद्ध चळवळ उभारून त्या पुढें आलेल्या. त्यांनीं बंदीला उघड पाठिंबा दिला. ह्या बाईंना मुसलमानांच्या द्वेष्ट्या कोण म्हणेल?

तिसरा मुद्दा सर्वांत सूक्ष्म आहे. मनुष्य मनुष्याला प्रथम भेटतो तो चेहऱ्यानें. दुकानदार, शेजारी, आगगाडींतील सोबती, ह्यांच्याशीं आपला जो क्षणभराचा व्यवहार होतो त्यांत राग, संकोच, थट्टा, क्षमा हीं सर्व चेहऱ्यावर वाचलीं जातात. एकानें दुसऱ्याला पाहावें, पण स्वतः दिसूं नये, ह्यांत बरोबरीचें नातें राहत नाहीं. जेथें सर्व नागरिक समान म्हणवितात तेथें एकमेकांस तोंड दाखविण्याइतकी सभ्यता प्रत्येकानें पाळावी, असें हा पक्ष म्हणतो.

शिवाय ह्या प्रथेला धर्माचा आधार तरी कितपत, असाहि प्रश्न आहे. हज यात्रेंत इहरामाच्या अवस्थेंत स्त्रीनें निकाब घालूं नये असा नियमच आहे. कैरोच्या अल-अझर ह्या पुरातन विद्यापीठानें २००९ सालीं, केवळ स्त्रियांसाठीं असलेल्या वर्गांतून निकाबाला मनाई केली. चेहरा झांकणें अवश्य मानणारे धर्मशास्त्री आहेत, तसे तें अवश्य न मानणारेहि पुष्कळ आहेत. तेव्हां हा वाद इस्लाम विरुद्ध बाकीचें जग असा नसून इस्लामच्या आंतहि चाललेला आहे.

आतां ह्या तीन मुद्द्यांचें न्यायासनापुढें काय झालें तें पाहा. १९९० सालीं पाकिस्तानांत जन्मलेली एक फ्रेंच नागरिक स्त्री युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत गेली. तिचें म्हणणें असें : मी निकाब माझ्या इच्छेनें घालतें, घरांतील कोणीहि मला भाग पाडलेलें नाहीं, मी तो नेहमींच घालतें असेंहि नाहीं, आणि ओळख पटविण्यासाठीं अवश्य तेथें चेहरा दाखविण्यास माझी हरकत नाहीं. १ जुलै २०१४ रोजीं निकाल लागला. न्यायालयानें सुरक्षिततेचा मुद्दा बाजूस सारला : सर्वसाधारण असा धोका असल्याचें दाखविल्याशिवाय सरसकट बंदी प्रमाणाबाहेरची ठरते. समतेचा मुद्दाहि नाकारला : जी गोष्ट स्त्रिया स्वतःच आपली म्हणून मागत आहेत ती स्त्रियांच्या समतेच्या नांवाखालीं बंद करतां येत नाहीं. उरला तो तिसरा, एकत्र राहण्याचा. तेवढ्या एका मुद्द्यावर, आणि अशा बाबतींत प्रत्येक राष्ट्राला आपल्यापुरतें ठरविण्याची बरीच मोकळीक असली पाहिजे असें म्हणून, पंधरा विरुद्ध दोन अशा बहुमतानें बंदी कायम झाली. विरुद्ध मत देणाऱ्या दोन्ही न्यायाधीश स्त्रिया होत्या. सार्वजनिक ठिकाणीं दुसऱ्यानें आपल्याशीं संबंध ठेवलाच पाहिजे असा हक्क कोणालाहि नाहीं, असें त्यांनीं म्हटलें. पुढें २०१८ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनें दोन फ्रेंच स्त्रियांच्या तक्रारींवरून उलट मत दिलें : ह्या कायद्यानें त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग झाला, आणि स्त्रियांचें रक्षण होण्याऐवजीं त्या घरांत कोंडल्या जाण्याचा संभव आहे.

तिसऱ्या मुद्द्याचें मोल मी कमी लेखीत नाहीं. २०२० सालीं करोनाची सांथ आली तेव्हां ११ मेपासून फ्रान्समध्यें आगगाडी व बस ह्यांतून प्रवास करतांना नाकतोंड झांकणें सक्तीचें झालें; न झांकल्यास १३५ युरो दंड. बुरख्याचा कायदा त्या वेळीं जसाच्या तसा जारी होता. कायद्याच्या दृष्टीनें ह्यांत विसंगति नाहीं, कारण आरोग्याचा अपवाद मूळ कायद्यांतच आहे. पण सर्वांच्या अनुभवाला दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे दुसऱ्याचें तोंड दिसत नाहीं तेव्हां आपण किती मुकतों, हें आपणा सर्वांस कळलें. आणि दुसरी म्हणजे, तसें असूनहि समाज मोडला नाहीं. लोक डोळ्यांनीं हंसले, आवाजानें ओळखले गेले, व्यवहार चालला. तात्पर्य, चेहरा दिसणें ही मोठी गोष्ट आहे. परंतु तो न दिसला तर एकत्र राहणेंच अशक्य होतें, हें म्हणणें टिकत नाहीं.

मग राहतो तो परिणामाचा प्रश्न. बंदीमुळें स्त्री मोकळी होते काय? फ्रान्सच्या कायद्याची एक हकीकत बोलकी आहे. रशीद नेकाझ नांवाच्या एका धनिक व्यापाऱ्यानें ह्या स्त्रियांचे दंड भरण्यासाठीं दहा लाख युरोंचा निधि जाहीर केला आणि पुष्कळ दंड भरलेहि. म्हणजे काय झालें पाहा. सक्तीची कथा खरी असेल, तर एका पुरुषानें तिच्या तोंडावर वस्त्र घातलें. दुसऱ्यानें, पोलिसानें, त्याबद्दल तिला अडविलें. आणि तिसऱ्यानें तिचा दंड भरला. ह्या सर्व व्यवहारांत तिला काय हवें होतें हें विचारण्याचा प्रसंगच कोठें आला नाहीं!

सत्तेच्या जोरावर पडदा उतरविण्याचे प्रयोग जगानें ह्यापूर्वींहि करून पाहिले आहेत. इराणांत ८ जानेवारी १९३६ रोजीं रझाशहा पहलवी ह्यांनीं आपली राणी व कन्या ह्यांना पडद्याशिवाय समारंभाला आणलें आणि देशभर पडदा बंद केला. रस्त्यांतून पोलिसांनीं स्त्रियांच्या डोक्यांवरील चादरी ओढून काढल्या. कित्येक स्त्रियांनीं घराबाहेर पडणेंच सोडलें. १९४१ सालीं शहाला पदत्याग करावा लागतांच सक्ति ढिली झाली आणि चादरी पुन्हां दिसूं लागल्या. पुढें १९७९ सालीं राज्यक्रांति झाली व १९८३ च्या कायद्यानें डोकें न झांकणाऱ्या स्त्रीला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा ठरविली. २०२२ सालीं, डोकें नीट झांकलें नाहीं म्हणून तेहरानांत पकडलेली महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी १६ सप्टेंबर रोजीं मरण पावली आणि सारा देश पेटून उठला. ज्या शहरांत आजीची चादर ओढली गेली, त्याच शहरांत नातीला चादर नीट नाहीं म्हणून धरलें. कायदे एकमेकांच्या उलट. परंतु दोन्ही वेळां स्त्रीच्या डोक्यावर हात होता तो शिपायाचा.

सोव्हिएट सत्तेनें ८ मार्च १९२७ रोजीं उझबेकिस्तानांत अशीच मोहीम काढली. तिचें नांवच ‘हुजुम’, म्हणजे हल्ला. भर चौकांत बुरख्यांच्या होळ्या झाल्या. परंतु बुरखा टाकून घरीं परतलेल्या शेंकडों स्त्रिया पुढें आप्तांच्या व गांवकऱ्यांच्या हातून मारल्या गेल्या. सरकारच्या हल्ल्याचा सूड पुरुषांनीं सरकारवर न घेतां बायकांवर घेतला. उलट, इजिप्तमधील हुदा शारावी ह्यांचें उदाहरण पाहा. १९२३ सालीं रोमच्या स्त्रीपरिषदेहून परततांना त्यांनीं कैरोच्या स्टेशनावर सर्वांसमक्ष आपल्या हातानें मुखपट दूर केला. त्यांना कोणत्याहि कायद्यानें तसें करावयास सांगितलें नव्हतें. त्यांच्यामागून ज्या दुसऱ्या स्त्रियांनीं पडदा सोडला, त्यांना परत पडद्यांत जाण्यासाठीं राज्य बदलण्याची वाट पाहावी लागली नाहीं.

श्रोतेहो, पडदा हा केवळ मुसलमानांचा, असा आपला समज असेल तर तोहि चुकीचा आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सरदार घराण्यांतून गोषा होता, हें आपणांपैकीं वृद्धांस आठवत असेल. माझ्या आजोळीं तो होता. आजी लग्न होऊन वाड्यांत आली ती पडद्याच्या गाडींतून, आणि पुढें वीस वर्षें देवदर्शनाला गेली तीहि पडद्याच्या गाडींतूनच. मग आजोबांच्या मनानें सुधारणा घेतली. जिल्ह्याच्या ठिकाणीं कोणा साहेबाच्या बंगल्यावर चहापान होतें. ‘उद्यां तुम्ही उघड्या तोंडानें आमच्याबरोबर यायचें,’ असें त्यांनीं आदल्या रात्रीं सांगितलें. आजी गेली. परत आली ती माडीवर जाऊन बसली आणि तीन महिने खालीं उतरली नाहीं. देवळाला जाणेंहि राहिलें. पुढें माझ्या आईनें तिला एकदां विचारलें, ‘आईसाहेब, तुम्हांला गोषा आवडत होता का?’ आजी म्हणाली, ‘आवडायचा कसला ग! पण घातला तेव्हां मला कोणीं विचारलें नाहीं, आणि काढला तेव्हांहि कोणीं विचारलें नाहीं.’

आजीचा गोषा खरोखर सुटला तो निराळ्याच कारणानें. आईला मुलींच्या शाळेंत घातलें होतें. तिला बक्षीस मिळावयाचें होतें, आणि तें पाहण्यास आजी आपण होऊन निघाली. गाडी जोडलेली नव्हती. डोक्यावर पदर घेऊन, उघड्या तोंडानें, ती भर बाजारांतून चालत शाळेपर्यंत गेली. त्या दिवशीं तिला कोणाचा हुकूम नव्हता. बाहेर जाण्यासारखें तिचें स्वतःचें काम होतें. एवढाच काय तो फरक, पण मला तो सर्वांत मोठा वाटतो.

येथें एक आक्षेप येईल व तो योग्यहि आहे. कोणी म्हणेल, ‘बाई, १८२९ सालीं लॉर्ड बेंटिंकनें सती बंद केली तेव्हां त्यानें विधवांची संमति घेतली होती काय? काळ बदलण्याची वाट पाहत बसला असता तर आणखी किती जळल्या असत्या?’ हें खरें आहे. परंतु दोन भेद ध्यानांत घ्या. सतीचें दुष्कृत्य एकदां घडलें कीं परत फिरविण्याजोगें नव्हतें. मुखावरील वस्त्र आज आहे तें उद्यां काढतां येतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्या कायद्याचा रोख चितेवर चढविणाऱ्यांवर व त्यांना साह्य करणाऱ्यांवर होता. त्यांस सदोष मनुष्यवधाचे गुन्हेगार ठरविलें होतें. विधवेला वांचवावयाचें व सक्ति करणाऱ्याला शासन करावयाचें, अशी ती योजना. फ्रान्सच्या कायद्यांत सक्ति करणाऱ्याला कैदेंत टाकणारें जें कलम आहे तें ह्या जातीचें आहे, आणि त्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. माझी तक्रार आहे ती दुसऱ्या कलमाविषयीं, ज्यांत दंडाची पावती त्या स्त्रीच्याच नांवें फाडली जाते. तिच्यावर सक्ति झाली असेल तर ती अपराधी नव्हे, पीडित आहे. आणि सक्ति नसेल तर तिनें कोणाचें काय घेतलें?

स्त्रीच्या बाजूनें कायदा कसा उभा राहतो ह्याचें उदाहरण आपल्याच घरीं आहे. १८ एप्रिल १९६६ रोजीं हमीद दलवाई ह्यांनीं मुंबईस विधिमंडळावर मोर्चा नेला. मोर्चांत स्त्रिया होत्या केवळ सात, सातहि मुसलमान. तोंडी तलाक बंद व्हावा ही त्यांची मागणी. लोक हंसले असतील. परंतु २२ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका दमांत तीनदां उच्चारून दिलेला तलाक रद्द ठरविला, तो मुसलमान स्त्रियांनींच दाद मागितल्यावरून. तेथें स्त्रीनें कायद्याला हांक मारली आणि कायदा तिच्यामागें उभा राहिला. बुरख्याच्या बंदींत कायदा तिच्यासमोर उभा राहतो. ह्या दोहोंतील अंतर आपण ओळखलें पाहिजे.

मग सरकारनें कांहींच करूं नये काय? असें मी म्हणत नाहीं. जेथें ओळख पटणें अवश्य आहे तेथें चेहरा दाखविण्यास सांगण्याचा अधिकार सरकारला पुरेपूर आहे : परीक्षेच्या दालनांत, विमानतळावर, पारपत्र काढतांना, न्यायालयांत. मात्र तो त्या कामापुरता आणि तेवढ्या वेळेपुरता. आपल्या देशांत मतदानाच्या ठिकाणीं पडदानशीन स्त्रिया बऱ्याच असल्या तर आडोसा करून स्त्री-अधिकाऱ्याकडून ओळख पटविण्याची सोय केली जाते. त्यानें निवडणूकहि नीट होते आणि त्या स्त्रीचें मतहि बुडत नाहीं. जी स्वतः सरकारी अधिकाराच्या जागीं बसली आहे, मुलांना शिकवीत आहे किंवा न्याय देत आहे, तिनें चेहरा उघडा ठेवावा असा नियम करणेंहि मला गैर वाटत नाहीं. कारण तेथें ती केवळ आपल्यापुरती नसते. हॉलंडनें १ ऑगस्ट २०१९ पासून शाळा, रुग्णालयें, सरकारी इमारती व सार्वजनिक वाहनें एवढ्यापुरतीच बंदी केली आणि रस्ता मोकळा ठेवला. वाहनांतील बंदी मला पटत नाहीं, पण रस्ता सोडण्याइतका विवेक तरी त्यांत आहे. ह्याहून महत्त्वाचें काम म्हणजे ज्या मुलीला घरांतून सक्ति होत आहे तिला जाण्याजोगें ठिकाण असावें, तिचें शिक्षण सुटूं नये, तिच्या हातीं स्वतःचे चार पैसे असावे. दंड बसविण्यापेक्षां हें काम कठीण आहे व खर्चाचेंहि आहे.

माझें मत विचाराल तर मुखावरील पडदा जावा, असेंच मला वाटतें. ज्या प्रथेनें स्त्रीला जगापासून झांकून पुरुषाला निर्दोष ठरविलें, तिच्याविषयीं मला आदर नाहीं; मग ती निकाब असो वा आमच्या वाड्यांतील गोषा असो. माझें म्हणणें एवढेंच, कीं तो उतरेल तो तिच्या हातानें उतरावा, आणि तिचा हात मोकळा राहील एवढें समाजानें व सरकारनें पाहावें.

थोड्या दिवसांपूर्वीं लोकल गाडींत बायकांच्या डब्यांत एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. निकाब होता. गाडी सुटतांच तिनें तोंडावरचें वस्त्र वर सारलें, पिशवींतून पुस्तक काढलें आणि मला म्हणाली, ‘आजी, दादर आलें कीं सांगाल का? वाचतांना माझें लक्ष राहत नाहीं.’ अकरा वाजतां तिची परीक्षा होती. दादर आलें, मीं सांगितलें. तिनें पुस्तक मिटलें, वस्त्र खालीं ओढलें आणि गर्दींत उतरून गेली. तें वस्त्र ती कां घालते, कोणी घालावयास लावतें काय, हें मीं विचारलें नाहीं. पण स्टेशनाच्या दाराशीं ‘तोंड उघडें कर, नाहींतर दंड भर,’ असें म्हणणारा शिपाई उभा असता, तर त्या मुलीनें तोंड उघडें केलें असतें कीं तिच्या घरच्यांनीं तिची परीक्षाच बंद केली असती, ह्याचा विचार मी घरीं येईपर्यंत करीत होतें. आपणहि तो करावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतें.